नियंत्रित हवाई क्षेत्रात चुकून शिरलात, तर? मराठवाड्यावरून उडणाऱ्या शिकाऊ आणि खाजगी वैमानिकांसाठी

मे महिन्यातली दुपार होती. खाली नांगरून ठेवलेली काळी रानं, त्यांच्यावर धुळीचा पिवळट पडदा आणि सेसना १५२ या छोट्या विमानात मी एकटी. ज्या तलावावरून डावीकडे वळायचं होतं तो आला म्हणून मी वळले. पण तो तलाव दुसराच होता. माझा तलाव नकाशावर निळा होता, जमिनीवर मात्र आटून राखाडी झाला होता, आणि मी त्याच्यावरून कधीच पुढे निघून आले होते. सात-आठ मिनिटांनी समोर मोठं शहर दिसू लागलं. तिथे शहर असायलाच नको होतं. मग शहराच्या कडेला लांबलचक, सरळ धावपट्टी दिसली.

आपण परवानगीशिवाय कुणाच्या तरी कंट्रोल झोनमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या नियंत्रित क्षेत्रात, आहोत हे मला तेव्हाच कळलं. तरी रेडिओचं बटण दाबायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत डोक्यात काय काय येऊन गेलं: शिकवणारे सर काय म्हणतील, लायसन्सचं काय होईल, बाबांनी मोसंबीच्या बागेवर काढलेलं कर्ज. समोरच्या आकाशात कोणतं विमान येतंय, हा विचार सगळ्यात शेवटी आला. तलाव चुकण्यापेक्षा मला आजही ती चार मिनिटंच जास्त सलतात. हा लेख त्यांच्यासाठीच लिहितेय.

आधी एवढं समजून घ्या

जिथे प्रवासी विमानं उतरतात-उडतात, तिथे विमानतळाभोवती ठरावीक अंतरापर्यंत आणि ठरावीक उंचीपर्यंतचं आकाश एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाच्या, ताब्यात असतं. आत यायचं तर आधी रेडिओवर बोलणं व्हावं लागतं, नुसतं बोलणं नव्हे तर परवानगी मिळावी लागते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ आणि नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी विमानतळ ही दोन मोठी नावं. लातूर आणि धाराशिवलाही धावपट्ट्या आहेत. बारामतीहून येणाऱ्यांच्या पाठीशी पुणं असतं, आणि पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, हे कधी विसरू नका.

कोणत्या विमानतळाचं क्षेत्र किती मैलांचं आणि किती फुटांपर्यंत, हे इथे मुद्दाम देत नाही. ते आकडे बदलतात. ते चालू एआयपी (हवाई क्षेत्रांची अधिकृत माहिती-पुस्तिका) आणि त्या दिवशीच्या नोटॅममधूनच (वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना) घ्यावेत, मित्राच्या वहीतून किंवा माझ्या लेखातून घेऊ नयेत.

चूक जमिनीवरच सुरू होते

माझी चूक हवेत झाली असं मला बरेच दिवस वाटत होतं. पण डीब्रीफिंगला, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, सरांनी माझा नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिलने काढलेल्या रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही रेष तू कुठल्या महिन्यात उडणार होतीस?" तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

मराठवाडा वरून वर्षातून तीनदा रूप बदलतो. उन्हाळ्यात पाणी आटतं. जायकवाडीचा नाथसागर केवढा विस्तीर्ण, पण मे महिन्यात त्याचा काठ नकाशावरच्या काठापासून कितीतरी आत सरकलेला असतो. लहान पाझर तलाव तर नाहीसेच होतात. पावसाळ्यानंतर उलटं होतं. जिकडे तिकडे पाणी आणि हिरवं, त्यात शेततळ्यांची निळी चौकोनी ठिगळं इतकी, की एक तलाव दुसऱ्यासारखाच वाटतो. आणि ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर खुणेला छान असतो, पण हंगाम संपला की तीच चिमणी धुरकट हवेत जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

म्हणून खुणा निवडताना न आटणाऱ्या, न उगवणाऱ्या, न विझणाऱ्या निवडा. धरणाची भिंत चालेल, पाण्याचा काठ नको. जायकवाडीची भिंत लांब आणि बारमाही आहे. गोदावरी आटली तरी तिचं पात्र दिसतं. समृद्धी महामार्ग हा अलीकडचा मोठा आधार. धुरकट हवेतही त्याची रुंद पट्टी लवकर ओळखू येते. देवगिरीचा सुळका तर कशाशीच गल्लत होणारा नाही, पण तो जवळ दिसला याचा अर्थ चिकलठाण्याची धावपट्टी सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरवर आली. उत्तरेकडून, जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्यांनी देवगिरीकडे खूण म्हणून न बघता कुंपण म्हणून बघावं.

रेल्वेरुळाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगले चांगले फसतात. वाट चुकलात तर रूळ धरा, असं जुने वैमानिक सांगत आले आहेत. मनमाडहून निघणारा रूळ दौलताबाद, संभाजीनगर, चिकलठाणा, बदनापूर करत जालन्याला जातो. जालना शहर चिकलठाणा विमानतळाच्या जवळजवळ नेमकं पूर्वेला आहे, सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर. आणि धावपट्टीही पूर्व-पश्चिमच आहे, ०९/२७ (पूर्वेकडे तोंड करून उतरलात तर ०९, पश्चिमेकडे तर २७). म्हणजे जालन्याहून रूळ किंवा जालना रोड धरून पश्चिमेकडे निघालात, तर तुम्ही २७ वर उतरणाऱ्या विमानांच्या अगदी वाटेवरून चाललेले असता. उतरणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावर येतं, दर नॉटिकल मैलाला (१.८५ किलोमीटर) सुमारे ३०० फूट. धावपट्टीपासून पाच मैलांवर ते जमिनीपासून १५०० फुटांवर असतं. चिकलठाण्याची जमीनच समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या आसपास, म्हणजे तिथे त्याच्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, ३४०० असतात. तुमच्यावर ३५०० असतील, तर तुम्ही दोघं जवळजवळ एकाच उंचीवर आहात.

याच आकड्यात दुसरा सापळा आहे. नकाशावर क्षेत्राची उंची कधी समुद्रसपाटीपासून असते, कधी जमिनीपासून, कधी फ्लाइट लेव्हलमध्ये (हवेच्या एका ठरावीक प्रमाण दाबावरून मोजलेली उंची). किनाऱ्याजवळ शिकलेल्याला यातला फरक फारसा जाणवत नाही. दख्खनच्या पठारावर तो जवळपास दोन हजार फुटांचा पडतो. आपल्या वाटेवरचा प्रत्येक आकडा कशापासून मोजलाय ते पेन्सिलने शेजारी लिहा. क्यूएनएच, म्हणजे अल्टिमीटरमध्ये लावायचा तिथला हवेचा दाब, ताजं घ्या. एका हेक्टोपास्कलच्या चुकीमागे जवळपास ३० फूट जातात, पाचांची चूक झाली तर दीडशे फूट गेले.

क्षेत्राच्या कडेला चिकटून रेष कधीच काढू नका. ब्रिटनमध्ये खाजगी वैमानिकांना 'टेक टू' असं शिकवतात: कडेपासून आडवं दोन नॉटिकल मैल आणि उभं २०० फूट अंतर राखा. मला विचाराल तर आपल्याकडच्या उन्हाळी धुरकटात दोन मैलही कमीच आहेत. मी पाच ठेवते.

आणि वारा. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो. ९० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) विमानाला २० नॉटचा आडवा वारा लागला आणि तुम्ही दुरुस्ती केली नाही, तर नाक तेरा अंश वळवायला हवं होतं, ते वळवलेलं नाही असा अर्थ. वीस मिनिटांत विमान सुमारे साडेसहा नॉटिकल मैल, म्हणजे बारा किलोमीटर बाजूला वाहून जातं. शांतपणे, काही न जाणवता. म्हणून दर सहा-सात मिनिटांनी एक पक्की खूण ठेवा, आणि तिच्यासमोर ठरलेली वेळ व गाठलेली वेळ दोन्ही लिहा.

टॅबलेटवरचा, आपली जागा दाखवत सरकणारा नकाशा जरूर वापरा, पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका. आयपॅडसाठी कंपनीने दिलेली मर्यादा ३५ अंशांची आहे. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच ४१-४२ असतं, आणि काचेच्या कॉकपिटमध्ये ऊन थेट स्क्रीनवर. माझा टॅबलेट त्या दिवशी धावपट्टी सोडल्यावर वीस मिनिटांत तापून बंद पडला. मांडीवरच्या नी-बोर्डला कागदी नकाशा होता, पण मी त्याच्यावर शेवटची खूण केली होती ती बारा मिनिटांपूर्वी.

शेवटची तयारी म्हणजे फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) क्रमांक. ही कागदोपत्री कटकट आहे असं समजू नका. हवाई संरक्षणाच्या रडारवर दिसणाऱ्या ठिपक्याला नाव देणारा तोच क्रमांक आहे. वाटेतल्या, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या फ्रिक्वेन्सी ठळक अक्षरात नी-बोर्डवर लिहा. ज्या विमानतळाकडे जायचंच नाही त्याचीही लिहा. चुकून आपण तिथेच पोचतो.

शंका आली की

खूण ठरल्या वेळेनंतर तीन मिनिटांत दिसली नाही, की समजा काहीतरी बिघडलंय. इथे मन एक खेळ खेळतं. खाली जे दिसतंय ते नकाशाशी जुळवून घ्यायला लागतं: "हाच तो तलाव, फक्त जरा लहान दिसतोय." म्हणून उलटं करा. आधी घड्याळ बघा, मग नकाशावर त्या वेळेला आपण कुठे असायला हवं ते बघा, आणि मग खाली त्या खुणेला शोधा. जमिनीवरून नकाशाकडे जाऊ नका.

तरीही पत्ता लागत नसेल तर पुढे जात राहू नका. क्षेत्रापासून नक्की लांब असलेल्या दिशेला, म्हणजे शेवटच्या पक्क्या खुणेकडे, परत वळा. दिशादर्शक जायरो चुंबकीय होकायंत्राशी जुळवून घ्या. माझा जायरो त्या दिवशी दहा अंशांनी सरकलेला होता, हे नंतर कळलं. इंधन बघा. आणि बोला. अजून आत शिरलेला नसाल तेव्हाच बोला. "अनशुअर ऑफ पोझिशन" एवढे तीन शब्द म्हणायला कमीपणा वाटून घेऊ नका.

आत आहात हे कळलं, तर

पहिलं काम विमान सरळ, पातळीत ठेवण्याचं. एकदम चढू नका, एकदम खाली घुसू नका. एटीसीने तुम्हाला रडारवर किंवा डोळ्यांनी पाहिलं असेल तर त्यांनी इतरांना तुमच्यापासून लांब ठेवायला सुरुवात केलेली असते. तुम्ही उंची बदललीत की त्यांचा हिशेब मोडतो.

दुसरं काम रेडिओचं, पहिल्या तीस सेकंदांत. शब्द असे:

"टॉवर, (तुमचा कॉलसाइन), सेसना वन फाइव्ह टू, स्टुडंट पायलट सोलो, बिलीव्ह इनसाइड युअर कंट्रोल झोन विदाउट क्लिअरन्स, अनशुअर ऑफ पोझिशन, अल्टिट्यूड थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड, हेडिंग टू सेव्हन झिरो, रिक्वेस्ट असिस्टन्स."

स्टुडंट पायलट सोलो हे शब्द गाळू नका. ते ऐकले की कंट्रोलर सावकाश बोलतो, एका वेळी एकच सूचना देतो. तेवढ्यात खाली रूळ, मोठा रस्ता, धावपट्टी, सुळका, धरण यांतलं जे दिसतंय तेही सांगा. इंग्रजी अडखळलं तरी चालेल. आवाज थरथरला तरी चालेल.

माझ्या बाबतीत पलीकडून आलेला आवाज इतका शांत होता की मला रडू आलं. आधी एक स्क्वॉक कोड दिला, म्हणजे रडारला ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपॉन्डर यंत्रात लावायचा चार आकडी क्रमांक; तो लावल्यावर मी ओळखली गेले. मग हेडिंग, म्हणजे नाक धरायची दिशा, दिलं. मी ते वाचून परत सांगितलं, बरोबर आहे म्हणाले. मग मला ऐकू आलं, की एका प्रवासी विमानाला फायनलवरून, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यावरून, बाजूला काढून एक फेरी मारायला सांगितलंय. सगळं मिळून सहा मिनिटांत मी बाहेर होते.

टॉवरची फ्रिक्वेन्सी माहीत नसेल किंवा उत्तर येत नसेल, तर १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आहे, तिच्यावर बोला. खूप खाली असाल तर डोंगराआडून आवाज पोचत नाही, तेव्हा एकदा उत्तर आलं नाही म्हणून गप्प बसू नका, पुन्हा बोला. रेडिओच बंद पडला असेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६००. खरोखर संकट असेल, इंधन संपत आलं असेल, तर ७७००. ७५०० चुकूनही लावू नका, तो अपहरणाचा कोड आहे.

आणि हे मात्र हात जोडून सांगते: घाबरून ट्रान्सपॉन्डर बंद करू नका. 'गुपचूप निघून जाऊ, कुणाला कळणार नाही' हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. माझ्याही आला होता. का करायचं नाही, ते आता सांगते.

३१ ऑगस्ट १९८६. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एका खाजगी वैमानिकाचं लहान पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित क्षेत्रात शिरलं. जाणूनबुजून नव्हे. त्याच्या विमानात उंची सांगणारा मोड सी ट्रान्सपॉन्डर नव्हता. एरोमेक्सिकोचं ४९८ क्रमांकाचं डीसी-९ उतरत होतं, आणि सेरिटोस या वस्तीवर दोघांची टक्कर झाली. मोठ्या विमानातले ६४, लहान विमानातले ३ आणि जमिनीवर घराघरात असलेले १५, अशी ८२ माणसं गेली. त्यानंतरच तिथे लहान विमानांना उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर आणि प्रवासी विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. तुमचा ट्रान्सपॉन्डर चालू असला, तर समोरच्या एअरबसच्या कॉकपिटमध्ये ती यंत्रणा तुम्हाला पाहू शकते. बंद केलात की तुम्ही तिच्यासाठी आकाशात नसताच. आणि डोळ्यांवर विसंबू नका. टक्करीच्या वाटेवर असलेलं विमान काचेवर हलत नाही, एका जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. १४० नॉटने येणारं ते आणि ९५ नॉटने जाणारे तुम्ही समोरासमोर असाल, तर अंतर मिनिटाला सात किलोमीटरने कमी होतं. माझ्या चार मिनिटांत ते किती झालं असतं, हा हिशेब मी नंतर वहीवर केला. अठ्ठावीस किलोमीटर.

लष्करी विमान शेजारी आलं तर काय, असंही विचारतात. फार क्वचित घडतं, पण पाठ असू द्या. ते डावीकडे पुढे येऊन पंख हलवतं. तुम्हीही पंख हलवा, त्याच्या मागे जा, १२१.५ वर आपली ओळख सांगा, आणि दुसरा कोड सांगितला नसेल तर ७७०० लावा. ११ मे २००५ रोजी वॉशिंग्टनच्या बंदी क्षेत्रात एक सेसना १५० वाट चुकून शिरलं, तेव्हा व्हाइट हाउस आणि कॅपिटल रिकामं करावं लागलं होतं. त्याला एफ-१६ नी वळवून खाली उतरवलं.

उतरल्यानंतर

एटीसीने फोन करायला सांगितलं असेल तर करा, त्याच दिवशी करा. ते चौकशीचं पहिलं पाऊल असतं, शिक्षा नसते. पण त्याआधी तुमच्या इन्स्ट्रक्टरला किंवा सीएफआयना (मुख्य प्रशिक्षकांना) स्वतः सांगा. त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर तुमच्यासाठी उभं राहणं त्यांना अवघड होतं.

मग बसून लिहा. आठवण दोन दिवसांत स्वतःला सावरून घेते, म्हणून त्याच संध्याकाळी. निघाल्याची वेळ, प्रत्येक खुणेची ठरलेली आणि गाठलेली वेळ, हेडिंग, उंची, क्यूएनएच कुठून घेतलं, किती वाजता शंका आली, किती वाजता खात्री पटली, किती वाजता रेडिओवर बोललात. शेवटच्या दोन वेळांमध्ये अंतर असेल तर तेही खरं लिहा. जीपीएसचा ट्रॅक पुसू नका, पेन्सिलच्या रेषा खोडू नका. एटीसीकडे रेडिओचं ध्वनिमुद्रण असतं, तुमचं लिहिणं त्याच्याशी ताडून पाहिलं जातं.

एटीसीचा अहवाल डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, गेला तर तुमचं म्हणणं मागवलं जातं. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. ताकीद, पुन्हा प्रशिक्षण, काही काळ लायसन्स निलंबन, असं काहीही होऊ शकतं. धोका किती झाला, आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत, या दोन्हींना वजन असतं. वकिली भाषेत लिहू नका. "हवा खराब होती" एवढ्यावर थांबू नका. हवा खराब असताना तुम्ही का गेलात, ते लिहा. मला चेकराइड (परीक्षेचं उड्डाण) आणि तीन ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतची) उड्डाणं पुन्हा करावी लागली. पैसे गेले, दोन महिने गेले.

कुणाच्याच लक्षात आलं नाही, असंही होतं. कडेला घासून गेलात आणि घरी येऊन ट्रॅक बघताना कळलं. तेव्हाही सांगा. डीजीसीएची स्वेच्छा अहवालाची सोय आहे, आणि तुमच्या प्रशिक्षण संस्थेत सुरक्षा बघणारी एक व्यक्ती असते. पाच जणांनी एकाच तलावापाशी चूक केली, तर दोष त्या तलावाला खूण म्हणून निवडण्यात आहे, आणि हे पाच जणांनी सांगितलं तरच दिसतं.

त्यानंतरचं पहिलं उड्डाण तीच वाट धरून करा, इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून. आमच्या सरांनी मला जून लागायच्या आत नेलं. तलावापाशी आलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती मान खाली करून खिडकीतून बघत राहिले. खाली भेगाळलेला गाळ, मधोमध पाण्याचं एक डबकं, आणि काठाने पांढरी रेघ काढल्यासारखी धरणाची दगडी भिंत. मी नी-बोर्डवर तलावाचं नाव खोडलं, भिंतीचं लिहिलं, समोर वेळ टाकली आणि डावीकडे वळले.